काय-वर्ग चाचणी (प्रमाणांची तुलना)

दोन किंवा अधिक गटांत एखाद्या गोष्टीचे प्रमाण वेगवेगळे दिसले, तर तो फरक नमुन्यातील योगायोगाने पडण्याइतकाच आहे की त्याहून मोठा, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. 'काय' (χ) हे ग्रीक अक्षर. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत ही चाचणी बहुधा 'काय-स्क्वेअर टेस्ट' याच नावाने ओळखली जाते.

व्यवसायातली बरीच माहिती 'हो की नाही' या रूपात येते. ग्राहकाने पॉलिसीचे नूतनीकरण केले की सोडून दिली, कर्जाचा हप्ता वेळेवर आला की थकला, दुधाची पिशवी गळली की शाबूत राहिली. येथे लिटर किंवा रुपयांसारखे मोजमाप नसते, मोजदाद असते. दोन शाखांतील किंवा दोन यंत्रांवरील अशा मोजदादी शेजारी ठेवल्या की त्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. न जुळण्याला किती महत्त्व द्यायचे, एवढ्याच प्रश्नासाठी ही चाचणी आहे.

उगम

इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या नियतकालिकात ही चाचणी मांडली. त्या लेखातील एक उदाहरण फाशांचे होते. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १२ फासे २६,३०६ वेळा टाकून दर खेपेला किती फाशांवर ५ किंवा ६ पडले याची नोंद ठेवली होती. फासे निर्दोष असते तर हे प्रमाण एक-तृतीयांश, म्हणजे ०.३३३३ यायला हवे होते. प्रत्यक्षात ते ०.३३७७ आले. फरक डोळ्यांना नगण्य वाटतो, पण एकूण ३,१५,६७२ फाशांच्या मानाने तो योगायोगात बसत नाही. ठिपके कोरताना ५ आणि ६ च्या बाजूंचे अधिक द्रव्य निघून जाते, त्या बाजू हलक्या होतात आणि वर येतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पिअर्सन यांची एक चूक मात्र बरीच वर्षे टिकली. दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या सारणीला त्यांच्या हिशेबाने ३ स्वातंत्र्यमात्रा (डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या खान्यांची संख्या) होत्या. ग्रीनवुड आणि यूल यांना १९१५ मध्ये लसीकरणाच्या आकड्यांवर काम करताना यातील विसंगती जाणवली. त्याचा निकाल १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी लावला: ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा ठरल्या की अशा सारणीत एकच खाना मोकळा राहतो, म्हणून स्वातंत्र्यमात्रा १. आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले जाणारे सूत्र तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ चुकीचे वापरले गेले, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

या विषयात मराठी नावही आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे कृषी आणि पोषणविषयक संख्याशास्त्रासाठी जगभर ओळखले गेले. प्वासाँ वितरणातून (क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजदादीचे वितरण) घेतलेल्या नमुन्यांत काय-वर्गाचे वितरण कसे वागते यावर त्यांनी १९३८ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. अपेक्षित संख्या लहान असताना चाचणीवर कितपत विसंबावे, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

दोन प्रमाणांची तुलना

समजा, एका विमा कंपनीने मुदत संपत आलेल्या ४०० ग्राहकांना पत्राने आठवण केली आणि ३०० ग्राहकांना फोनने. कोणाला पत्र आणि कोणाला फोन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. निकाल असा आला (आकडे उदाहरणापुरते):

| | नूतनीकरण केले | केले नाही | एकूण |
|---|---|---|---|
| पत्र | २३२ | १६८ | ४०० |
| फोन | २०१ | ९९ | ३०० |
| एकूण | ४३३ | २६७ | ७०० |

पत्राने ५८ टक्के, फोनने ६७ टक्के. आता असे गृहीत धरायचे की दोन्ही मार्गांत काहीच फरक नाही. याला शून्य परिकल्पना म्हणतात. ती खरी असेल तर दोन्ही गटांना एकच प्रमाण लागू व्हायला हवे, आणि त्या प्रमाणाचा उत्तम अंदाज म्हणजे सगळ्यांचा मिळून आलेला आकडा: ७०० पैकी ४३३, सुमारे ६१.९ टक्के. या दराने पत्राच्या ४०० जणांत २४७.४३ जणांनी नूतनीकरण केलेले असायला हवे, फोनच्या ३०० जणांत १८५.५७ जणांनी. या झाल्या अपेक्षित संख्या. माणसे अपूर्णांकात नसतात, तरी या संख्या पूर्णांकात आणायच्या नसतात. ती एक सरासरी आहे.

पुढे प्रत्येक खान्यासाठी निरीक्षित संख्येतून अपेक्षित संख्या वजा करून आलेल्या फरकाचा वर्ग करायचा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागायचे. चारही खान्यांत फरक १५.४३ च येतो, फक्त चिन्ह बदलते. भागाकार अनुक्रमे ०.९६, १.५६, १.२८ आणि २.०८ येतात. त्यांची बेरीज सुमारे ५.८९, हाच काय-वर्गाचा आकडा. वर्ग केल्यामुळे कमी-जास्त एकमेकांना खात नाहीत. अपेक्षित संख्येने भागल्यामुळे, जिथे १०० ची अपेक्षा होती तिथला १५ चा फरक, २५० ची अपेक्षा असलेल्या ठिकाणच्या १५ पेक्षा जड ठरतो.

१ स्वातंत्र्यमात्रेसाठी ५ टक्के सार्थकता पातळीचे सीमामूल्य, म्हणजे फरक नसतानाही योगायोगाने फक्त ५ टक्के वेळा ओलांडला जाणारा आकडा, ३.८४१ आहे आणि १ टक्क्याचे ६.६३५. आपला आकडा या दोहोंच्या मध्ये पडला, म्हणजे ५ टक्के पातळीवर फरक 'सार्थक' (योगायोगापलीकडचा) ठरतो, १ टक्क्यावर नाही. पी-मूल्य सुमारे ०.०१५. म्हणजे दोन्ही मार्ग खरोखर सारखेच असते, तर एवढा किंवा याहून मोठा फरक दर हजारात साधारण पंधरा वेळाच दिसला असता. 'फोन चांगला असण्याची शक्यता ९८.५ टक्के आहे' असा याचा अर्थ होत नाही, जरी सादरीकरणांत तो सर्रास असा सांगितला जातो.

दोनच गट असतील तर हेच काम झेड-चाचणीनेही होते (तिच्यात दोन प्रमाणांतील फरकाला योगायोगाने पडणाऱ्या नेहमीच्या चढउताराने भागतात). वरील उदाहरणात झेड २.४२६ येतो आणि त्याचा वर्ग ५.८९. सीमामूल्यांतही हेच नाते आहे: १.९६ चा वर्ग ३.८४. झेडला चिन्ह असते, काय-वर्गाला नसते. 'फोन पत्रापेक्षा चांगला आहे का' असा एका दिशेचा प्रश्न आधीच ठरलेला असेल, तर झेड वापरणे अधिक सरळ.

टक्केवारी आणि मोजदाद

या चाचणीत सर्वाधिक होणारी चूक म्हणजे खान्यांत टक्केवारी भरणे. वरच्या सारणीत ५८ आणि ४२, ६७ आणि ३३ असे आकडे टाकले तर काय-वर्ग १.७३ येतो आणि निष्कर्ष उलटतो: फरक सिद्ध होत नाही. कारण उघड आहे. टक्केवारी लिहिताक्षणी आपण ७०० ग्राहकांच्या जागी २०० ग्राहक बसवतो. टक्केवारीत नमुन्याचा आकार पुसला जातो आणि चाचणीची सगळी मदार त्या आकारावरच असते. अहवालात फक्त टक्के दिले असतील आणि मूळ संख्या नसतील, तर तो अहवाल चाचणीच्या कामाचा नाही. मूळ संख्या मागवून घ्याव्यात.

आकाराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एका संकेतस्थळाची दोन रूपे प्रत्येकी ५ लाख लोकांना दाखवली आणि खरेदीचे प्रमाण ४.० आणि ४.१ टक्के आले असे समजू. काय-वर्ग ६.४३ निघतो, विमा कंपनीच्या ५.८९ पेक्षा मोठा. तरी फरक हजारी एका खरेदीचा आहे. तो खर्चाला परवडतो का, हे चाचणी सांगू शकत नाही. काय-वर्गाच्या आकड्यावरून फरकाचा आकार वाचायचा नसतो. त्यासाठी दोन प्रमाणांतील फरकाचा विश्वास अंतराल (खरा फरक ज्या मर्यादांत असावा तो पट्टा) काढावा. विम्याच्या उदाहरणात तो ९५ टक्के पातळीवर साधारण १.८ ते १६.२ टक्के-बिंदू येतो. फोन करणाऱ्या माणसांचा पगार खालच्या टोकालाही वसूल होतो का, हा व्यवस्थापकाचा खरा प्रश्न. नुसते 'सार्थक' लिहून थांबणाऱ्या अहवालात तो अनुत्तरित राहतो.

दोनाहून अधिक गट

काय-वर्ग झेडच्या पुढे जातो तो इथे. एका दूध संघात पिशव्या भरणारी अ, ब, क अशी तीन यंत्रे आहेत आणि प्रत्येकाच्या ५०० पिशव्या तपासल्या असे धरू. गळक्या पिशव्या अनुक्रमे १०, १४ आणि २७. एकूण १,५०० पैकी ५१, म्हणजे ३.४ टक्के. म्हणून प्रत्येक यंत्राला अपेक्षित गळक्या पिशव्या १७ आणि चांगल्या ४८३. काय-वर्ग ९.६२ येतो. गटांच्या संख्येतून एक वजा केला की स्वातंत्र्यमात्रा मिळतात, इथे २. त्यांची सीमामूल्ये ५.९९१ आणि ९.२१०. तिन्ही यंत्रे सारखी नाहीत, एवढे पक्के झाले.

कोणते यंत्र वेगळे? चाचणी याबद्दल काही बोलत नाही. तीन जोड्यांच्या तीन वेगळ्या चाचण्या ५ टक्के पातळीवर करण्याचा मोह होतो, पण त्या परस्पर स्वतंत्र धरल्या तर कुठेतरी खोटा फरक 'सापडण्याची' शक्यता १४ टक्क्यांवर जाते. यासाठी मारास्कुइलो यांनी १९६६ मध्ये सुचवलेली रीत व्यवसाय-संख्याशास्त्राच्या पुस्तकांत दिलेली असते. तिच्यात प्रत्येक जोडीचा फरक, सीमामूल्याच्या वर्गमूळाने (इथे २.४५) रुंदावलेल्या मर्यादेशी ताडतात. अ आणि क मधला ३.४ टक्के-बिंदूंचा फरक २.९ ची मर्यादा ओलांडतो. ब आणि क मधला २.६ चा फरक ३.१ च्या आत राहतो. म्हणजे क हे अ पेक्षा वाईट, इतकेच म्हणता येते. ब बद्दल निर्णय देण्याइतका पुरावा या तपासणीत नाही.

अटी

चाचणीमागचे वितरण हे अंदाजी आहे आणि अपेक्षित संख्या फार लहान झाल्या की तो अंदाज ढळतो. प्रत्येक खान्यात अपेक्षित संख्या किमान ५ असावी, असा ढोबळ नियम आहे. मोठ्या सारण्यांसाठी कॉक्रन यांनी १९५४ मध्ये तो सैल केला: पाचाहून कमी अपेक्षा असलेले खाने २० टक्क्यांपर्यंत चालतील, पण कुठलीही अपेक्षा एकाखाली नको. नियम अपेक्षित संख्यांचा आहे, निरीक्षित संख्यांचा नाही. एखाद्या खान्यात प्रत्यक्ष शून्य आले तरी चाचणी करता येते. अपेक्षाच लहान असेल तर फिशर यांची अचूक चाचणी, जी अंदाजाऐवजी नेमकी शक्यता मोजते, वापरावी.

येट्स यांनी १९३४ मध्ये दोन बाय दोन सारणीसाठी एक सुधारणा सुचवली: प्रत्येक फरकातून अर्धा वजा करायचा. तिने विम्याच्या उदाहरणातील ५.८९ चा आकडा ५.५१ होतो. 'आर' ही संगणकप्रणाली अशा सारणीला ही सुधारणा न विचारता लावते, म्हणून हाताने काढलेले आणि संगणकाचे उत्तर जुळले नाही तर आधी तिथे पाहावे. एक्सेलचे फंक्शन थेट पी-मूल्य देते, मात्र अपेक्षित संख्यांची सारणी आपल्याला स्वतः मांडून द्यावी लागते.

सर्वांत कठोर अट स्वातंत्र्याची, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र हवी. पिशवी चिकटवणारी पट्टी थोडा वेळ नीट तापली नाही, तर ओळीने वीस पिशव्या गळक्या निघतील. हा वीस वेळा मिळालेला पुरावा नव्हे, एकाच बिघाडाची वीस रूपे आहेत. सलग पिशव्या उचलण्याऐवजी पाळीभर अंतराअंतराने उचलल्या तर हा दोष बराच कमी होतो. त्याच ग्राहकांना जाहिरातीआधी आणि नंतर असे दोनदा विचारले असेल, तर दोन्ही वेळचे आकडे स्वतंत्र गट म्हणून मांडणे चूक आहे. तिथे मॅकनेमार यांची १९४७ ची चाचणी लागते, जिच्यात मत बदललेले ग्राहकच मोजले जातात.

फरक आणि कारण

अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रवेशांचे १९७३ चे आकडे या बाबतीत प्रसिद्ध आहेत. ८,४४२ पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, ४,३२१ स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. काय-वर्ग १११ च्या आसपास जातो. योगायोगाचा प्रश्नच उरत नाही. पण ८५ विभाग वेगवेगळे तपासल्यावर केवळ ४ विभागांत स्त्रियांना लक्षणीय कमी प्रवेश आढळले, आणि ६ विभागांत पुरुषांना. जिथे सर्वांनाच प्रवेश मिळणे कठीण, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते. एकत्रित सारणीतला फरक खरा होता, तरी तो अर्जांच्या वाटणीतून आला होता.

दूध संघात हेच घडू शकते. क यंत्र जास्त वेळ रात्रपाळीत चालत असेल आणि रात्री पिशव्यांची फिल्म वेगळ्या पुरवठादाराची लावली जात असेल, तर गळतीचा ठपका यंत्रावर ठेवण्याआधी पाळीनुसार वेगळ्या सारण्या कराव्या लागतात. दोन यंत्रांच्या अशा सारण्या एकत्र तोलण्याची रीत मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये दिली. क यंत्र फक्त रात्रीच चालत असेल, तर मात्र यंत्र आणि पाळी यांना कोणतीही आकडेमोड वेगळे करू शकत नाही. काही दिवस ते दिवसपाळीत चालवून पिशव्या नव्याने मोजाव्या लागतात.