रिम मोठी झाली म्हणून चाक मोठे होत नाही

पंधराची रिम काढून सोळाची बसवली की गाडी उंच होते, हा समज म्हापशापासून काणकोणपर्यंत पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. उंची ठरते टायरच्या बाहेरच्या व्यासावरून, आणि तो टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांतून कोणालाही काढता येतो.

१८५/६५ आर १५ घ्या. रुंदी १८५ मिमी. तिच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी, ही रबरी भिंतीची उंची. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की व्यास ६२१.५ मिमी. आता १९५/५५ आर १६: ४०६.४ अधिक २१४.५, म्हणजे ६२०.९ मिमी. रिम इंचभर वाढली आणि चाक अर्ध्या मिलिमीटरने लहान झाले! भिंत मात्र १०७ मिमीवर आली. पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आदळले, तर हेच १३ मिमी रबर कमी पडते आणि रिमची कड वाकते.

त्याच सोळाच्या रिमवर २०५/६० चढवला तर व्यास ६५२.४ मिमी, म्हणजे ५ टक्के जास्त. स्पीडोमीटरला रस्ता दिसत नाही. सेन्सर फेऱ्या मोजतो आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या परिघाने गुणतो. मूळ टायर किलोमीटरला सुमारे ५१२ फेऱ्या घेतो, हा ४८८. काटा ८० दाखवत असताना गाडी ८४ च्या आसपास धावते. इंजिनालाही तेवढाच उंच गिअर मिळतो, म्हणून चोर्ला घाटात गाडी जड वाटते. फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा टायरवाल्यांचा जुना आणि योग्य नियम.

इथे एक सुंदर गोष्ट आहे. वजनाखाली टायर खाली चपटा होतो, मग परीघही तितकाच घटायला हवा ना? तसे होत नाही. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचा पट्टा असतो आणि त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे एका फेरीत कापलेले अंतर, आसापासून रस्त्यापर्यंतची उंची त्रिज्या धरून येणाऱ्या परिघापेक्षा जास्त भरते. हवा कमी झाली की ते अगदी थोडे घटते. काही गाड्या चाकांच्या फेऱ्यांतला तेवढा फरक पकडून हवेचा इशारा देतात.

दुकानात ‘रुंद टायर, पावसात जास्त पकड’ असे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. रुंद टायरला समोरचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते. खाचा झिजल्या असतील तर तो लवकर पाण्यावर तरंगू लागतो. नव्या चाकांखाली लिंबू ठेवल्याने हे टळत नाही.

भारांकही वाचा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. मूळ आकड्याखाली जाऊ नका. रिमचे बोल्टचे वर्तुळ जुळले तरी मधले भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसते त्या आसाच्या टोकापेक्षा) मोठे असेल तर ती फट भरणारी मापाची हब रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचे अंतर, ४५ मिमीवरून ३५ केला की चाक १० मिमी बाहेर येते, रिम ५.५ वरून ६.५ इंच रुंद केली तर बाहेरची कड आणखी १२.७ मिमीने सरकते. म्हणून पैसे देण्याआधी एकच चाक चढवा, मागे माणसे बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि मडगार्डच्या आत हात घालून पाहा. बोट जात नसेल तर पहिल्याच गतिरोधकावर टायर घासेल.