सर्व्हरला ‘थांब’ म्हणताना

रात्री साडेनऊच्या सुमारास वाणी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो. दुकान अजून चालूच असतं. नवं गिऱ्हाईक आत येऊ नये एवढ्यासाठी ते शटर. आत उभ्या असलेल्या चौघांचा माल तोलला जातो, पैसे घेतले जातात, उधारी वहीत चढते, गल्ला मोजला जातो आणि मग कुलूप लागतं. युनिक्स किंवा लिनक्सवर चालणारा सर्व्हर, म्हणजे इतरांच्या मागण्या सतत पुरवणारा प्रोग्रॅम, नीट बंद करणं म्हणजे याच क्रमाने काम आवरणं. मी तो क्रम एकदा मोडला होता.

जिथे नोकरीला होतो तिथे पोस्टग्रेस डेटाबेसवर एक मोठी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, अडकून बसली होती. तिची प्रोसेस, म्हणजे तिच्यासाठी चालू असलेला प्रोग्रॅम, शोधली आणि ‘किल -९’ ही कमांड दिली. एक प्रोसेस मारली तर एकाच माणसाचं काम जाईल, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात डेटाबेसला जोडलेल्या प्रत्येकाचं कनेक्शन त्याच क्षणी तुटलं आणि डेटाबेस रिकव्हरीत, म्हणजे स्वतःला सावरण्याच्या कामात, गेल्याच्या ओळी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलीत, पडू लागल्या. तेही भर दुपारी, सगळे कामात असताना.

असं का झालं ते नंतर समजून घेतलं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, पण या सगळ्या प्रोसेस मेमरीचा एक मोठा तुकडा सामाईक वापरतात. त्यातली एखादी अचानक नाहीशी झाली, तर तिने त्या सामाईक मेमरीत काही अर्धवट लिहून ठेवलंय का, हे मुख्य प्रोसेसला कळायला मार्ग नसतो. म्हणून ती धोका पत्करत नाही. उरलेल्या सगळ्या प्रोसेस बंद करते, सामाईक मेमरी नव्याने मांडते आणि डिस्कवरचा बदलांचा वेगळा लॉग वाचून डेटा पुन्हा जागेवर आणते. कुठलाही बदल आधी या लॉगमध्ये आणि मग मूळ फाइलमध्ये, ही डेटाबेसची शिस्त इथे कामी येते. पक्के झालेले व्यवहार शाबूत राहिले, अर्धवट होते ते गेले. डेटाबेस इतका सावध होता म्हणून आमचं निभावलं. अडकलेली क्वेरी थांबवायला पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ नावाचं फंक्शन आहे, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’. मी दोन्ही वापरून पाहिली नव्हती.

‘किल’ हे नावच फसवं आहे. ही कमांड कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एवढंच सांगते की अमुक प्रोसेसला अमुक क्रमांकाचा सिग्नल पोचव. सिग्नल म्हणजे एक छोटासा निरोप. क्रमांक न देता नुसतं ‘किल’ म्हटलं तर १५ क्रमांकाचा सिगटर्म जातो. त्याचा अर्थ ‘आता आवरा’. प्रोग्रॅमने तशी तयारी ठेवली असेल तर हा निरोप मिळताच त्याचं स्वतःचं फंक्शन चालतं आणि काय आवरायचं ते तो ठरवतो. कंट्रोल-सी दाबल्यावर जातो तो २ क्रमांकाचा सिगइंट. शून्य क्रमांकही देता येतो; त्याने काहीच पाठवलं जात नाही, फक्त त्या क्रमांकाची प्रोसेस आहे का याची खातरजमा होते. ९ क्रमांकाचा सिगकिल मात्र प्रोग्रॅमच्या हाती पडतच नाही. तो अडवता येत नाही, त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. कर्नल त्या प्रोसेसला पुढची एकही ओळ चालवू देत नाही.

मग मागे काय उरतं? कर्नल बरीच झाडलोट करतो: प्रोसेसची मेमरी परत घेतो, उघड्या फाइली मिटतो, नेटवर्कची कनेक्शन बंद करतो. प्रोग्रॅमने कर्नलच्या हवाली केलेला डेटाही सहसा वाचतो, कारण तो कर्नलच्या ताब्यात असतो आणि सवडीने डिस्कवर जातो. हरवतो तो प्रोग्रॅमच्या स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, साचलेला, अजून हवाली न केलेला मजकूर. लॉगच्या शेवटच्या ओळी बऱ्याचदा अशाच हरवतात, आणि गडबड का झाली हे शोधताना नेमक्या त्याच हव्या असतात. शिवाय तात्पुरत्या फाइली तशाच पडून राहतात. प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवलेली पीआयडी फाइलही राहते.

या उरलेल्या पीआयडी फाइलीपासून मी फार जपून असतो. सर्व्हर उठत नाही, ‘आधीच चालू आहे’ म्हणतो. मग घाईत कुणीतरी ती फाइल उडवतो. पोस्टग्रेसमध्ये जुनी प्रोसेस खरोखर मेलेली नसताना असं केलं, तर एकाच डेटावर दोन डेटाबेस लिहायला बसू शकतात, आणि त्यातून झालेली नासाडी कुठलाही लॉग निस्तरू शकत नाही. उलट बाजूही आहे. प्रोसेसचे क्रमांक फिरून पुन्हा वापरले जातात, त्यामुळे जुन्या फाइलीतला क्रमांक आज भलत्याच प्रोसेसचा असू शकतो. फाइलीतला क्रमांक वाचून डोळे झाकून सिग्नल पाठवणारी स्क्रिप्ट कधीतरी परक्या प्रोसेसला तो पाठवते.

सिगटर्म नीट हाताळणंही वाटतं तितकं सोपं नाही. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो. प्रोग्रॅम मेमरी मागत असताना, त्यासाठी आतलं कुलूप (एका वेळी एकच काम व्हावं म्हणून असलेलं) हातात धरून असताना आला, आणि सिग्नलच्या फंक्शनने पुन्हा मेमरी मागितली, तर स्वतःच घातलेल्या कुलपासमोर तो प्रोग्रॅम कायमचा उभा राहतो. म्हणून जाणते लोक त्या फंक्शनमध्ये जवळजवळ काहीच करत नाहीत. ‘थांबायचं आहे’ अशी एक खूण करतात आणि परत फिरतात. मुख्य लूप ती खूण बघतो, नवी कनेक्शन घेणं थांबवतो, हातातल्या रिक्वेस्ट पुऱ्या करतो, बफर रिकामे करतो, फाइली बंद करतो आणि बाहेर पडतो.

या कामाला मुदत असते. लिनक्सवर सर्व्हर चालू-बंद करणारा सिस्टमडी सिगटर्म पाठवून साधारणपणे ९० सेकंद वाट बघतो आणि मग सिगकिल देतो. डॉकर प्रोग्रॅमला कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवतो आणि कुबरनेटिस असे अनेक कंटेनर सांभाळतो; कुबरनेटिसची ठरलेली मुदत ३० सेकंद, डॉकरची लिनक्सवर १०. तिन्ही आकडे बदलता येतात. डॉकरचा कंटेनर दर वेळी बंद व्हायला बरोबर १० सेकंद घेत असेल, तर समजावं की सिगटर्म कुणी ऐकतच नाहीये. बहुतेक वेळा कारण असं: कंटेनरमधली पहिली प्रोसेस, म्हणजे क्रमांक १, ही एक शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, असते आणि ती आलेला सिग्नल खऱ्या ॲप्लिकेशनकडे पोचवत नाही. किंवा ॲप्लिकेशनच क्रमांक १ असतं. एरवी ज्याने प्रोसेस आपोआप बंद पडते तो सिगटर्म क्रमांक १ ने मुद्दाम हाताळला नसेल, तर कर्नल त्याला तो लागू करत नाही. सगळ्यांना वाटतं सर्व्हर नीट बंद होतोय. प्रत्यक्षात रोज तो मारला जात असतो.

दुसरा सापळा म्हणजे एकाच सिग्नलचा अर्थ प्रत्येक सर्व्हर वेगळा लावतो. पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला सिगटर्म दिला तर ती सगळी कनेक्शन आपणहून सुटेपर्यंत वाट बघत बसते. सिगइंट दिला तर चालू व्यवहार मागे घेऊन चटकन आणि सुरक्षित बंद होते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची गंमत निराळी: तिथे सिगटर्म म्हणजे झटपट बंद, आणि हातातली कामं पुरी करून थांबायचं असेल तर सिगक्विट. सवयीने सिगटर्म पाठवणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर कुणाचं तरी डाउनलोड मधेच तुटतं.

सिगहपची कथा मला विशेष आवडते. फोनलाइनवरून टर्मिनल जोडले जायचे त्या काळी लाइन तुटली की १ क्रमांकाचा हा सिग्नल यायचा. मागे चालणाऱ्या सर्व्हरला टर्मिनलच नसतं, म्हणून त्यांच्यापुरता हा सिग्नल मोकळा पडला आणि ‘सेटिंग पुन्हा वाच’ असा नवा अर्थ त्याला चिकटला. त्यामुळे पुष्कळदा सर्व्हर बंद करण्याची गरजच उरत नाही. एनजिनएक्स सिगहप मिळाल्यावर आधी नवी सेटिंग तपासतो. चूक सापडली तर जुन्यावरच चालू राहतो. सगळं ठीक असेल तर नव्या वर्कर प्रोसेस, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस, सुरू करतो आणि जुन्यांना काम संपवून जायला सांगतो.

सर्व्हर खरंच बंद करून पुन्हा सुरू केला, तर कधीकधी ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असं उत्तर येतं. कनेक्शन ज्या बाजूने आधी बंद केलं, तिथे त्याची नोंद काही काळ ठेवली जाते, लिनक्सवर ६० सेकंद. वाटेत रेंगाळलेली डेटाची जुनी पाकिटं नव्या कनेक्शनमध्ये मिसळू नयेत यासाठी ही खबरदारी. त्यावर ‘एसओ_रीयूजॲडर’ हा पर्याय आहे. सर्व्हर लिहिणाऱ्याने तो लावला असेल तर पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यातला दाराचा क्रमांक, लगेच मिळतो.

एनजिनएक्स तर स्वतःचा प्रोग्रॅमही दार न लावता बदलतो. सिगयूएसआर२ दिला की जुनी मुख्य प्रोसेस पीआयडी फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवते आणि नव्या आवृत्तीचा प्रोग्रॅम सुरू करते. ज्या सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या टोकांवर, नवी कनेक्शन येतात ती उघडी सॉकेट तशीच नव्याच्या हाती दिली जातात. काही काळ दोघंही एकाच पोर्टवर गिऱ्हाईक घेतात. मग जुन्याला सिगविंच द्यायचा. त्याचे वर्कर हातातलं काम संपवून एकेक करून जातात, पण जुनी मुख्य प्रोसेस जागीच थांबते. नव्या आवृत्तीत काही बिघडलं तर जुन्याला सिगहप द्यायचा, ती पुन्हा वर्कर उभे करते. सगळं सुरळीत आहे असं दिसलं की तिला सिगक्विट. शेवटची मोठी फाइल उतरवून घेणाऱ्याला यातलं काहीच जाणवलेलं नसतं. त्याची फाइल जुन्याच वर्करने पुरी केलेली असते.