एस्प्लनेड मॅन्शन : फोटोतल्या काळोखामागचा इतिहास

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या रांगेत एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. त्याआधी आतून काढलेले फोटो पाहिले की अंगावर काटा येतो: काळवंडलेला लाकडी जिना, लोंबणाऱ्या वायरी, कुठून तरी वरून झिरपणारा उजेड. अशा फोटोंखाली ‘भुताटकी’ हा शब्द दिसला की मला वाईट वाटतं, कारण ही इमारत मुळात बांधली गेली ती उजेडासाठी.

हे मूळचं वॉटसन्स हॉटेल. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी ते बांधलं आणि १८७१मध्ये सुरू झालं. आराखडा इंग्लिश इंजिनिअर रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार झाल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि इथे जोडल्या गेल्या. सगळा भार सांगाड्यावर, त्यामुळे भिंतींना ओझं नाही. म्हणून तर एवढ्या खिडक्या, सज्जे आणि मधोमध काचेच्या छताचा चौक शक्य झाला.

७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती इथेच. तिकीट एक रुपया. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, यांना त्या खेळांनी झपाटलं. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. कॅमेऱ्याशी या वास्तूचं नातं इतकं जुनं आहे.

काळोख आला तो हॉटेल बंद पडल्यावर. मोठ्या खोल्यांच्या छोट्या खोल्या केल्या गेल्या, फळ्यांची पार्टिशनं उभी राहिली, पोटमाळे चढले. कोर्टं हाकेच्या अंतरावर, म्हणून वकिलांची ऑफिसं आली. दाराशी नावांच्या पाट्यांवर पाट्या, आत टाइपरायटर आणि कागदांचे गठ्ठे. चौकात वरून येणारा उजेड या दाटीत अडकत गेला. देखभाल कुणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. २००५च्या पावसाळ्यात पश्चिमेकडचे सज्जे कोसळले आणि एकाचा जीव गेला. त्याच वर्षी जुन्या वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या २००६च्या यादीत तिचं नाव घेतलं होतं.

या इमारतीचे जुने फोटो कुणाकडे असतील, तर ते जपून ठेवा. त्यातही सावल्यांपेक्षा पाट्या, खांबांचे जोड आणि जिन्याचे कठडे स्पष्ट दिसणारे. डागडुजी करणाऱ्याला उद्या तेच लागतील.