चेहऱ्यावरचा फुगलेला वण: हायपरट्रॉफिक की केलॉइड?

गालावरची गाठ काढली, हनुवटी फुटून टाके पडले किंवा कानापुढच्या लाळग्रंथीचं ऑपरेशन झालं, तर चेहऱ्यावरचे टाके साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात. तेव्हा वण बारीक गुलाबी रेघेसारखा दिसतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. महिना-दीड महिन्यानं तीच रेघ तांबूस होते, हाताला दोरीसारखी लागते, खाजते. मग कुणीतरी सांगतं, ‘केलॉइड झालंय, परत कापून घ्या.’

या सल्ल्यात दोन चुका असू शकतात. टाक्यांनंतर इतक्या लवकर फुगलेला वण बहुधा केलॉइड नसतो, तो हायपरट्रॉफिक वण असतो. आणि तो खरोखरच केलॉइड असेल, तर नुसतं कापणं हा त्याच्यावरचा सगळ्यात वाईट उपाय आहे. म्हणून आधी ओळख पटवायची, उपाय नंतर.

हद्द पाळणारा आणि हद्द ओलांडणारा

हायपरट्रॉफिक वण कितीही उंच झाला तरी मूळ जखमेच्या रेषेतच राहतो. टाके ३ सेंटीमीटरवर पडले असतील तर वणही तेवढाच लांब. केलॉइड ती रेषा ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत शिरतो आणि कडांना फाटे फुटतात. त्याचं नावही यावरूनच पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून ते बेतलं. नांगी कशी पसरते हे खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको.

दुसरी खूण वेळेची. हायपरट्रॉफिक वण चार ते आठ आठवड्यांत डोकं वर काढतो, सहाएक महिने वाढतो, मग थांबतो आणि वर्ष-दोन वर्षांत बराचसा बसतो. केलॉइड तीन महिन्यांनी, कधी वर्षभरानंतरही उगवतो आणि आपणहून बसत नाही. खाज दोन्हींत असते. रात्री झोपमोड करणारी खाज आणि टोचल्यासारखं दुखणं केलॉइडमध्ये जास्त.

तिसरी खूण जागेची आणि घराण्याची. कानाची पाळी, जबड्याची कड, छातीचा मधला भाग आणि खांदे या केलॉइडच्या आवडत्या जागा. पापणीवर तो जवळजवळ होतच नाही. आई, मावशी किंवा भावाला कान टोचल्यावर गाठ आली असेल, वय १० ते ३० च्या दरम्यान असेल, रंग सावळा असेल, तर केलॉइडची शक्यता वाढते. हायपरट्रॉफिक वणाला असं घराणं लागत नाही. जखमेवर ताण पडला, ती पिकली, भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले किंवा चीर चेहऱ्याच्या नैसर्गिक घड्यांना आडवी गेली, ही त्याची कारणं.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मात्र जाणकारालाही कधीकधी ठाम सांगता येत नाही. अशा वेळी घरी एक साधं काम करता येतं. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा वणावर धरून पेनानं त्याची कड गिरवा, वर तारीख घाला. दर चार आठवड्यांनी नवा तुकडा गिरवून जुन्यावर ठेवा. सोबत त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. कडा बाहेर सरकताना दिसल्या की समजायचं, प्रकरण केलॉइडकडे चाललंय. हे तुकडे डॉक्टरांपुढे ठेवले तर ‘आधी एवढं नव्हतं हो’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

नथीसाठी टोचलेल्या भोकाशेजारी येणारा लाल, ओला, हात लागला की रक्त येणारा फोड या दोहोंपैकी काहीच नसतो. तो बहुतेकदा ग्रॅन्युलोमा, म्हणजे जखमेत वाढलेल्या मऊ मांसाची गाठ, असतो आणि त्याचा उपचार वेगळा. मूळ ऑपरेशन कॅन्सरसाठी झालं असेल, किंवा वणातली गाठ फुटत, चिघळत असेल, तर तिचा तुकडा तपासल्याशिवाय कुठलंच मलम लावू नका.

दोन्हींना चालणारं

सिलिकॉन, पट्टी किंवा जेल. टाके निघून खपली पूर्ण पडल्यावर, कातडी कोरडी आणि बंद असेल तेव्हाच सुरू करायचं. पट्टी दिवसाला किमान १२ तास राहायला हवी आणि हे किमान दोन-तीन महिने चालवायचं. आपल्याकडे गडबड होते ती हवेमुळे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करणाऱ्याच्या गालावर पट्टी टिकत नाही, खाली घाम साचून घामोळं येतं आणि माणूस आठवड्यात कंटाळून सोडून देतो. त्यापेक्षा दिवसा जेल, रात्री पट्टी अशी वाटणी करा. पट्टी पहिल्या दोन दिवसांत चार-चार तासच लावा, मग वाढवा. रोज सौम्य साबणानं धुऊन हवेवर वाळवा. जेल अगदी पातळ, दिवसातून दोनदा. चार-पाच मिनिटांत ते वाळलं नाही तर जास्त लागलंय. त्यावर धूळ चिकटते.

जेल वाळल्यावर वर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. सावळ्या कातडीला रंगाची छटा असलेलं, लोह ऑक्साइडवालं सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण नव्या वणाला नुसता दिसणारा उजेडही काळा पाडतो. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. पावसाळ्यातही.

हनुवटी आणि जबड्याच्या वणावर हेल्मेटचा पट्टा रोज घासतो, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. घोडबंदर रस्त्यावरून रोज तासभर स्कूटर चालवणाऱ्यानं पट्ट्याखाली मऊ सुती कापडाची घडी ठेवावी. हेल्मेट मात्र सोडायचं नाही. दाढी करताना वणावर उलटा हात फिरवू नका.

लिंबू, टूथपेस्ट, हळदीचा जाड लेप यांनी कोवळा वण चिडतो. ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून लावण्याची सवय घरोघरी आहे. तिनं वण सुधारल्याचा पुरावा नाही, काहींना पुरळ मात्र उठतं. आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं गोरं करणारं स्टेरॉइडचं क्रीम चेहऱ्यावर अजिबात नको. वण तसाच राहतो, आजूबाजूची कातडी पातळ होते.

इथून वाटा वेगळ्या

हायपरट्रॉफिक वणाला मालीश मानवतं. जखम पक्की भरल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनंतर, बोटाला थोडं पेट्रोलियम जेली घेऊन वण पांढरा पडेल एवढाच दाब द्या. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. वाढत्या केलॉइडला असं चोळू नये. उंची कमी होत नसेल तर वणात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, चेहऱ्यावर बहुधा १० मिलिग्रॅम प्रति मिली या ताकदीचं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. लाली हटत नसेल तर रक्तवाहिन्यांवर काम करणारा ५९५ नॅनोमीटरचा लेझर, खडबडीतपणासाठी फ्रॅक्शनल, म्हणजे बारीक ठिपक्यांनी काम करणारा, कार्बन डायऑक्साइड लेझर. सावळ्या चेहऱ्यावर या दुसऱ्या लेझरची मात्रा बेतानं ठेवावी लागते, नाहीतर वण सपाट होतो आणि भोवती काळा चौकोन उमटतो. पहिल्या बैठकीआधी कानामागे छोटा ठिपका मारून पाहायला सांगा.

कापून नव्यानं शिवण्याचा विचार नऊ ते बारा महिन्यांनंतर. घाईनं केलं तर आपणहून बसणाऱ्या वणासाठी ऑपरेशन होऊन बसतं. अपवाद एकच: वणानं पापणी किंवा ओठ ओढला जात असेल तर इतकं थांबू नये. आडव्या ताणाची रेषा मोडायला झेड-प्लास्टी करतात. ६० अंशांचे दोन त्रिकोण अदलाबदल केले की हिशेबानं वणाची लांबी सुमारे ७५ टक्के वाढते, म्हणजे ओढ सुटते. नवी रेषा घडीत लपते हा दुसरा फायदा.

केलॉइडमध्ये इंजेक्शन हाच मुख्य उपचार, आणि ताकदही जास्त: १० पासून ४० मिलिग्रॅम प्रति मिलीपर्यंत. औषध गाठीतच गेलं पाहिजे. बरोबर जागी सुई असेल तर पिस्टन दाबायला जोर लागतो आणि गाठ पांढरी पडते. सहज सरकलं तर सुई खालच्या चरबीत गेली. तिथं दोन महिन्यांनी खड्डा पडतो, कातडी फिकट होते. कडक केलॉइडमध्ये इंजेक्शन दुखतं, म्हणून आधी भुलीचं क्रीम तासभर लावून ठेवतात. मधुमेह असेल तर आधी सांगा, काही दिवस साखर चढू शकते. मासिक पाळीही मागेपुढे होते. तीन-चार वेळांत फरक पडला नाही तर त्यात फाइव्ह-एफयू (फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल, पेशींची वाढ रोखणारं औषध) मिसळतात, साधारण नऊ भाग ते आणि एक भाग ट्रायमसिनोलोन. गरोदर स्त्रीला हे देत नाहीत.

नुसतं कापलेलं केलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतं, बरेचदा आधीपेक्षा मोठं. म्हणून कापायचंच ठरलं तर पुढची तजवीज ऑपरेशनच्या तारखेआधी झालेली असावी. त्यात महिन्या-महिन्यानं इंजेक्शनं असतात, कानाच्या पाळीवर दाब देणारी क्लिप रोज १२ तासांहून जास्त, सहा महिने ते वर्षभर, किंवा हट्टी केलॉइडला ऑपरेशननंतर २४ ते ४८ तासांत सुरू होणारं रेडिएशन. रेडिएशन म्हटलं की नवी मुंबईकराला खारघरचं टाटा कॅन्सर रुग्णालय आठवतं आणि तो हबकतो. पण इथं मात्रा कमी आणि बैठका मोजक्याच असतात. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते टाळतात.

ठाणे-नवी मुंबईच्या बाजूला कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय, नेरूळ आणि कामोठ्याची वैद्यकीय महाविद्यालयं, तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. जाताना ऑपरेशनचा कागद, टाके निघाल्याची तारीख, ते प्लॅस्टिकचे तुकडे आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत न्या, रिकाम्यासुद्धा. केलॉइड बसल्यावरही दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवत राहा. कडेला पुन्हा खाज सुटली तर तीन महिने पुरे होण्याची वाट पाहू नका, कारण गाठ दिसण्याआधी बहुधा खाजच येते आणि तेव्हा एका इंजेक्शनात काम भागू शकतं. ज्या मुलीला एकदा केलॉइड झालंय तिला लग्नासाठी नाक टोचायचा आग्रह धरू नका. चापाची नथ सराफाकडे मिळते.