विडीचा धूर आणि डबीतली मशेरी: गरोदरपणात दोन्ही तंबाखूच

नावनोंदणीला आलेल्या गरोदर बाईला विचारतात, "तंबाखूचं व्यसन आहे का?" ती म्हणते, "छे!" कार्डावर 'नाही' लिहिलं जातं. प्रत्यक्षात तिच्या पिशवीत मशेरीची डबी असते आणि घरी सासरे खाटेवर बसून विडी ओढत असतात. तरी ती खोटं बोललेली नसते. तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासायची भुकटी, आणि विडीला तर तिनं कधी हातही लावलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलं आहे की प्रत्येक गरोदर स्त्रीला धुराच्या आणि बिनधुराच्या तंबाखूबद्दल विचारावं, आणि दुसऱ्यांच्या धुराबद्दलही. आपल्याकडे हे प्रश्न असे हवेत: मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा? घरात विडी-सिगारेट कोण ओढतं, आणि कुठे बसून?

या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. धूर म्हणजेच तंबाखूचा धोका असं ऐकून मशेरीवाली निर्धास्त राहते. आणि जिला मशेरीचा धोका पटतो, तिला आपण ओढत नसलेल्या विडीचा बाळाशी संबंध वाटत नाही.

आधी धुराचं पाहू. जळत्या विडीतून निकोटीनबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत पोचणारा ऑक्सिजन कमी पडतो. स्वतः सिगारेट ओढणाऱ्या आईच्या बाळाचं वजन सरासरी १५० ते २५० ग्रॅमनी कमी भरतं. न ओढता नुसत्या धुरात राहणाऱ्या आईच्या बाळाला वजनातला फटका याहून बराच कमी बसतो, पण बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढलेला आढळतो. खिडकी उघडून किंवा पंखा लावून हा धूर पुरेसा जात नाही. ओढणाऱ्यानं घराबाहेर जाणं हाच उपाय.

मशेरीत हा वायू फुफ्फुसात जात नाही, हे खरं. पण बाकीचं सगळं तंबाखूचंच. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर खाट उठतो, सगळ्यांना ठसका लागतो. त्या वेळी गरोदर बाईनं घरात थांबूच नये. मग सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, काम उरकलं की बोटावर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर चोळायची आणि बराच वेळ तोंडात ठेवायची. एवढ्या वेळात निकोटीन तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून रक्तात उतरतं. नंतर थुंकून चूळ भरली तरी जे गेलं ते गेलं. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि वार ओलांडून बाळाच्या रक्तातही जातं.

याचा पुरावा मुंबईतलाच आहे. १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बिनधुराची तंबाखू, म्हणजे मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक असल्याचं याच मालिकेतल्या पुढच्या अभ्यासात दिसलं. 'मशेरीनं काय होतंय' म्हणणाऱ्या सासूबाईंना हे आकडे शांतपणे सांगायला हवेत.

मला खरी खंत वाटते ती प्रचाराची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरतात, धूम्रपान करतात ३.८ टक्के. तरी भिंतीवरच्या चित्रात दिसते ती सिगारेटच. पाकिटावरचा इशाराही मशेरी लावणाऱ्या बाईपर्यंत येत नाही, कारण घरी भाजलेल्या मशेरीला पाकीटच नसतं.

उपायही वेगवेगळे आहेत. धुराच्या बाबतीत बाईला चार गोष्टी सुनावून काय उपयोग? बोलायचं नवऱ्याशी आणि सासऱ्यांशी, आणि सोनोग्राफीला सोबत येतात तेव्हा डॉक्टरांनीच बोलावं. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत, पण घराच्या उंबऱ्याआत ते चालत नाहीत. तिथे घरच्यांनीच ठरवावं लागतं.

मशेरी सोडायची ती मात्र तिलाच, आणि ते सोपं नाही. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं अनेकजणी सांगतात. सोडल्यावर बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड होते. हा त्रास पहिल्या आठवड्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. पाणी, पालेभाज्या, फळं वाढवली तर पोटाची तक्रार आटोक्यात राहते. निकोटीनचं च्युइंगगम गरोदरपणात मनानं घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावं. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. आणि पाचवा महिना लागलाय, आता सोडून काय फायदा, असं समजू नये: बाळाचं वजन सर्वांत झपाट्यानं वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत.