जुनापाणीचे दगड आणि मातीतलं लोखंड

नागपूरहून काटोल रोडने निघालं की शहर संपतं न संपतं तोच दगडी वर्तुळांचं जुनापाणी येतं. अंगावर येणाऱ्या उंच शिळा डोक्यात ठेवून गेलात, तर पहिल्या वर्तुळातून न कळता चालत पुढे जाल. मीही तसाच गेलो होतो. दगड जेमतेम गुडघ्याएवढे, काही निम्मे मातीत रुतलेले. मधे मुरमाचा बसका उंचवटा आणि त्यावर कुसळी गवत. मागे वळून तिरप्या उन्हात पाहिलं तेव्हा कुठे ते विखुरलेले दगड गोलात बसले. मग दुसरं वर्तुळ दिसलं, तिसरं दिसलं. या परिसरात अशी सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ही दफनभूमी.

दगड काळ्या बेसाल्टचे. दख्खनच्या लाव्हाचा पूर्वेकडचा काठ नागपूरपाशीच संपतो आणि जुनापाणी त्या काठाच्या आत येतं. बेसाल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो, आत गोलसर गाभा उरतो. म्हणजे धोंडे निसर्गाने घडवूनच ठेवलेले. माणसांनी ते फक्त लोटत आणायचे.

काही धोंड्यांवर मात्र हात चाललेला आहे. खाली बसून बोट फिरवलं की पेर बसेल एवढे खळगे लागतात, ओळीने कोरलेले. मध्य प्रांताचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने इथे खोदकाम केलं आणि 1879 साली या खळग्यांची तुलना थेट ब्रिटनमधल्या दगडांवरच्या खळग्यांशी केली. साम्य आहेच, पण वाटीसारखा खळगा ही कुणालाही कुठेही सुचावी अशी गोष्ट आहे. त्यावरून नातं जोडणं मला घाईचं वाटतं. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी खळगे असलेले दगड वर्तुळात कोणत्या दिशेला आहेत ते मोजलं. ते कुठेही बसवलेले नाहीत, ठरावीक दिशांना गोळा होतात. त्याचा आकाशाशी संबंध असावा, असा त्यांचा अंदाज.

वर्तुळाच्या आत काळ्या मातीचा थर, वर दगडगोट्यांची भर. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी 1961-62च्या सुमारास इथली तीन वर्तुळं खोदली. विदर्भातल्या अशा दफनांत पुष्कळदा सबंध सांगाडा नसतो, थोडीच हाडं असतात. देह आधी दुसरीकडे ठेवून उरलेली हाडं आणून पुरली असावीत. सोबत काळी-तांबडी मडकी. रंग दोन, पण भाजणं बहुधा एकदाच: मडकं उपडं ठेवून भाजलं की आतल्या बाजूला आणि काठाला हवा मिळत नाही, तो भाग काळा होतो, उघडी बाजू तांबडी.

आणि लोखंड. खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याच्या तोंडात लगामासाठी घालायची कडियाळी. जुनापाणीपासून फार लांब नसलेल्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांना 1970च्या सुमारास पुरलेला घोडाच मिळाला; त्याच्या डोक्यावर तांब्याचा साज होता आणि हाडांवर कापल्याच्या खुणा. मालकामागोमाग घोडाही गेला, आणि तो आपल्या पायाने गेला नाही.

या लोखंडाची किंमत नायकुंडला कळते. पेंच नदीकाठच्या या गावी देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली, सोबत भात्याच्या मातीच्या नळ्या आणि मळीचे, म्हणजे खनिजातून सुटलेल्या टाकाऊ भागाचे गोळे. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. तेवढी आच अशा भट्टीत होत नाही, पण 1200च्या आसपास पोचली तरी काम भागतं. लोणारी कोळशाचा वायू खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, मळी पातळ होऊन निथळते आणि लोखंडाचा सच्छिद्र लगदा उरतो. तो तापवून घणाखाली पुन्हा पुन्हा ठोकायचा, की उरलीसुरली मळी बाहेर. एका कुऱ्हाडीसाठी किती झाडं जाळायची आणि किती वेळ भाता मारायचा! धोंडे लोटत आणणं त्यामानाने स्वस्त. तरीही धारेची अवजारं मातीत पुरली गेली, म्हणजे तो मान सगळ्यांना मिळत नसणार.

माहुरझरीच्या एका छिन्नीची धातुशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तर ती निव्वळ लोखंडाची नव्हे, पोलादाची निघाली. हे वाचल्यापासून जुनापाणीला गेलो की खळग्यांवर बोट ठेवताना मला आकाशाआधी लोहार आठवतो.