लेदरबॅकचं चित्रण : दिवा कधी लावायचा नाही

अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या गलाथिया खाडीत साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात लेदरबॅक कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. कोकणात वेळासला येणारी ऑलिव्ह रिडले 40-50 किलोची. ही 300 किलोंच्याही वर. पाठीला टणक कवच नाही, चामड्यासारखी कातडी आणि तिच्यावर लांबलचक कंगोरे.

एवढं धूड टिपायला सोपं वाटेल, पण खरी अडचण उजेडाची. पाण्यातून वर आल्यापासून खड्डा पुरा होईपर्यंत मादी फार बुजते. टॉर्चचा एक झोत पडला तरी अंडी न घालताच ती माघारी वळू शकते. तोवर सगळ्यांनी लांब, गप्प बसायचं. मागचं एक वल्हं, म्हणजे तिचा वल्ह्यासारखा चपटा पाय, पळीसारखं वाकून वाळूत उतरतं, थोडी वाळू अलगद उचलून बाजूला टाकतं, मग दुसऱ्याची पाळी. असा पाऊण मीटरभर खड्डा होतो. अंडी पडू लागली की तिचं आजूबाजूला फारसं लक्ष राहत नाही. तेव्हाच जवळ जायचं, तेही मागून.

दिवा 940 नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा) घ्यावा. 850 च्या दिव्याचा लालसर ठिपका दिसतो. मात्र साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची काच हे किरण अडवते, ती काढलेला कॅमेरा लागतो. दिवसा लावलेला फोकस या किरणांत सरकतो, म्हणून तो त्याच दिव्यात हाताने पुन्हा लावावा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा दिवा बंद, रेकॉर्डिंगच्या लाल दिव्यावर काळी पट्टी. सेकंदाला 25 फ्रेम असताना शटर 1/50 सेकंदावरून 1/25 केलं की दुप्पट उजेड मिळतो. खणण्याच्या संथ हालचालीला ते चालतं. शेवटी मादी पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवते तेव्हा चित्र फरफटतं, तिथे परत 1/50.

साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. ती उजळ क्षितिजाकडे धावतात, त्यामुळे तंबूतला एक दिवासुद्धा त्यांना समुद्राऐवजी जंगलाकडे नेतो. पिल्लांवर कुठलाच दिवा नको. पावलांचे खोल ठसेही बुजवावेत, पिल्लं त्यांत अडकतात.

या सगळ्याला वनखात्याची परवानगी आधी हवी. आणि रात्रीची दृश्यं कितीही सुंदर आली तरी तेवढ्यावर माहितीपट उभा राहत नाही. 2004 च्या त्सुनामीत इथली जमीन खचली, किनारे वाहून गेले, पुढे वाळू पुन्हा साचली आणि कासवंही परतली. 2021 मध्ये खाडीचं अभयारण्य रद्द झालं. आता तिथेच मोठं बंदर प्रस्तावित आहे. म्हणून किनाऱ्यावर एक पक्की जागा ठरवून दर हंगामात त्याच उंचीवरून, त्याच लेन्सने, ओहोटीच्या वेळी तीच चौकट टिपून ठेवावी.